झेब्रा प्लेको (एल ०४६): ओळख, संगोपन आणि पैदास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मासा नेमका कुठला?

ब्राझीलच्या पारा राज्यात शिंगू ही अ‍ॅमेझॉनची मोठी उपनदी आहे. आल्तामिरा शहराच्या खालच्या बाजूला ती शंभर किलोमीटरहून लांब वळण घेते. त्याला तिथे वोल्टा ग्रांदे म्हणतात. काळे खडक, खळाळ, कोमट आणि हवा भरपूर मिसळलेलं पाणी, असा हा पट्टा. झेब्रा प्लेको हा चिकटणाऱ्या तोंडाचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा जगात फक्त इथेच, खडकांच्या कपारींत राहतो. शास्त्रीय नाव हिपॅनसिस्ट्रस झेब्रा. इस्ब्रुकर आणि नायसेन या डच शास्त्रज्ञांनी १९९१ साली त्याचं वर्णन केलं आणि त्याच्यासाठी हिपॅनसिस्ट्रस ही प्रजातीच (जीनस) नव्याने मांडली. वर्णन होण्याआधी तो बाजारात आला होता, म्हणून शास्त्रीय नाव मिळण्याआधीच अशा माशांना देतात तो जर्मन पद्धतीचा ‘एल’ क्रमांक त्याला चिकटला. आजही हौशी लोक त्याला एल ०४६ म्हणूनच ओळखतात.

पूर्ण वाढलेला मासा शेपटीसकट आठ-नऊ सेंटिमीटर भरतो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्या.

मग एल ०९८ काय आहे?

तोच मासा. पट्टे तुटक असलेल्या किंवा मध्ये ठिपके आलेल्या झेब्राला एकेकाळी वेगळा क्रमांक दिला गेला. तो वेगळी जात म्हणून जास्त पैशाने कोणी विकत असेल तर घेऊ नका.

खरा झेब्रा ओळखायचा कसा?

घाई न करता तीन ठिकाणी पाहा: नाकाड, कूस आणि पोट.

नाकाडावर काळ्या रेघांची इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखी खूण असते. कुशीवर मोजकेच, रुंद, धारदार कडांचे काळे पट्टे असतात. ते डोक्यामागून शेपटीकडे लांबट आणि तिरके जातात, अंगाभोवती कड्यांसारखे फिरत नाहीत. पट्ट्यांमधली जागा स्वच्छ पांढरी असते, आणि तब्येत चांगली असलेल्या माशात त्या पांढऱ्यावर किंचित निळसर झाक दिसते. पोट पूर्ण पांढरं, त्यावर एकही रेघ किंवा ठिपका नाही. मासा काचेला चिकटला की पोट आपोआप दिसतं, तेवढ्यासाठी दुकानात दहा मिनिटं थांबावं लागलं तरी थांबा. सगळ्या परांवर काळे आडवे पट्टे असतात.

आता ज्यांच्याशी गफलत होते ते मासे. सगळ्यात फसवे शिंगूतलेच भाऊबंद, म्हणजे एल ३३३ आणि एल ०६६. मोठेपणी त्यांच्या अंगावर गांडुळासारखी वळणावळणाची, फाटे फुटलेली नक्षी असते, डोकं रुंद असतं आणि ते झेब्राहून बरेच मोठे होतात. पण तीन सेंटिमीटरच्या पिल्लांत हीच नक्षी सुट्या पट्ट्यांसारखी दिसते, आणि फसवणूक नेमकी त्याच वयात होते. झेब्राच्या पिल्लाचे पट्टे पहिल्यापासून सरळ आणि स्वच्छ असतात. रेघेला कुठेही फाटा फुटलेला दिसला की संशय घ्यायचा. एल १७३ हा झेब्राच्या सर्वांत जवळ जाणारा. त्याच्या कुशीवरचे पट्टे मागच्या बाजूला नागमोडी होतात आणि एकमेकांत मिसळतात.

क्लाउन प्लेको आपल्याकडे सहज मिळतो. गडद तपकिरी अंगावर पिवळसर कडी, आणि दात लाकूड खरवडायला बनलेले. तो छान मासा आहे, पण झेब्रा नव्हे. काही दुकानदार ‘झेब्रा’ म्हणून झेब्रा लोचही दाखवतात. बोटिया स्ट्रियाटा हा लोच आपल्या सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांमधला. त्याला मिशा असतात, अंगावर हाडांचं कवच नसतं, आणि बारीक उभ्या पट्ट्या भरपूर असतात. तोही संकटग्रस्त आहे, त्यामुळे ओढ्यातून धरून आणलेला लोच विकत घेऊ नये.

संकर झालेला मासा कसा कळतो?

पांढऱ्याच्या जागी पिवळट किंवा तपकिरी छटा, पोटावर उतरलेली नक्षी, कुशीवर मध्येच फाटलेला पट्टा, आणि डोकं अंगाच्या मानाने रुंद. यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर तो मासा पैदाशीला वापरू नका. अडचण अशी की काही संकरित मासे दिसायला जवळजवळ शुद्ध झेब्रासारखेच असतात. म्हणून फोटोपेक्षा आई-बापांची माहिती महत्त्वाची. विकणाऱ्याला नर-मादी दाखवायला सांगा. ज्याच्याकडे एकाच टाकीत झेब्रा आणि एल ३३३ दोन्ही आहेत, त्याच्याकडून पिल्लं घेऊ नयेत.

एवढा दुर्मीळ का झाला?

दोन कारणं. पहिलं, १९९० च्या दशकात शौकिनांसाठी झालेली बेसुमार पकड. मासा लहान, एका वेळी दहा-पंधराच अंडी, वयात यायला दोन-तीन वर्षं. असा मासा पकडीतून लवकर सावरत नाही. ब्राझीलने २००४ मध्ये त्याला संकटग्रस्त यादीत घातलं आणि पकड-निर्यात बंद केली. तस्करी मात्र कोलंबियाच्या सीमेवरून सुरूच राहिली.

दुसरं कारण बेलो मोंते धरण. बांधकाम २०११ मध्ये सुरू झालं, २०१६ पासून वीज तयार होऊ लागली. नदीचं बहुतेक पाणी कालव्याने वळवून थेट वीजघराकडे नेलं जातं, आणि मधला वोल्टा ग्रांदेचा पट्टा कोरडा पडत जातो. म्हणजे जगात हा मासा जिथे आहे, नेमक्या तिथलाच प्रवाह काढून घेतला गेला. म्हणूनच टाक्यांमध्ये शुद्ध राहिलेल्या वंशाला मोल आहे.

भारतात पाळणं कायदेशीर आहे का?

कागदपत्रं असतील तर. ब्राझीलने आधी ही जात साइट्सच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट ३ मध्ये घातली. पुढे २०२२ मध्ये पनामात झालेल्या साइट्सच्या परिषदेत ती परिशिष्ट १ मध्ये गेली, म्हणजे नदीतून पकडलेल्या माशांचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्या अनुसूची ४ मध्ये साइट्सच्या जाती येतात. त्यातला जिवंत प्राणी ताब्यात असेल तर नोंदणी करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर होते. जन्म, मृत्यू आणि दुसऱ्याला दिलेला मासा हेही कळवायचं असतं. परिशिष्ट १ मधल्या जातींची पैदास करायला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. अनुसूची बदलत असते, म्हणून पैसे देण्याआधी त्या दिवशी लागू असलेली प्रत पाहा आणि वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: मासा टाकीत जन्मलेला असल्याचं निवेदन, परदेशातून आलेला असेल तर आयात परवान्याची प्रत, आणि पावतीवर शास्त्रीय नाव. ‘नदीतला अस्सल माल’ अशी जाहिरात दिसली तर तो मासा चोरटा आहे, कारण २००४ नंतर तसा मासा कायदेशीर मार्गाने बाहेर आलेलाच नाही.

तो शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवतो का?

नाही. तोंड चिकटणारं आहे, पण दात मोजके आणि लांब आहेत. ते कपारीतले किडे-अळ्या ओढून काढायला बनलेले आहेत. शेवाळाच्या भरवशावर ठेवलेला झेब्रा उपाशी मरतो.

टाकी किती मोठी हवी? मांडणी कशी?

सहा माशांच्या गटाला तीन फुटी टाकी, म्हणजे ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर, साधारण १८० लिटर. एका जोडीला दोन फुटी टाकी चालते. उंचीचा या माशाला उपयोग नाही, तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. खोल टाकीपेक्षा पसरट टाकी घ्या.

तळाला एक-दीड सेंटिमीटर बारीक, गोल कणांची वाळू, किंवा काहीच नको. जाड खडी घातली की तिच्या फटींत अन्न सडतं. पैदाशीच्या टाकीत तळ उघडाच ठेवा, विष्ठा नळीने ओढून घेता येते. गुहा माशांच्या संख्येपेक्षा दोन-तीन जास्त असाव्यात, नाहीतर दुबळा नर उघड्यावर राहतो आणि झिजतो. प्रवाह टाकीच्या एका लांब बाजूने वाहायला हवा. गुहांची तोंडं प्रवाहाकडे थेट न ठेवता थोडी तिरकी ठेवा.

गाळणीचा वेग टाकीच्या आठ ते दहा पट हवा. १८० लिटरला ताशी १५०० ते १८०० लिटर. एकच मोठा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घेण्यापेक्षा कॅनिस्टर आणि एक मोठा स्पंज फिल्टर अशी जोडी बरी. एक बंद पडला तरी दुसरा टाकी तारून नेतो.

मासा आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवा, म्हणजे गाळणीत विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात. सुगंध आणि साबण नसलेला अमोनिया दोन पीपीएमपर्यंत घाला. तो चोवीस तासांत शून्यावर यायला लागला आणि नायट्राइटही शून्य राहिलं, तरच मासा सोडा. या माशाबाबतीतले बहुतेक मृत्यू नव्या टाकीतल्या पहिल्या महिन्यात होतात.

दगड आणि गुहा कुठून आणायच्या?

शहाबादी फरशी किंवा कडप्पा वापरू नका. दोन्ही चुनखडीचे आहेत आणि हळूहळू पाणी जड करतात. पीएच का चढतोय हे महिनाभर कळत नाही. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, उत्तम. त्यातही पांढरे स्फटिक भरलेली छिद्रं असतील तर त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहा (हातमोजे आणि चष्मा घालूनच). फेस आला तर तो दगड बाजूला ठेवा. बारा-पंधरा सपाट तुकडे एकावर एक रचा, दोन-अडीच सेंटिमीटरच्या फटी ठेवा, आणि खालचे दगड थेट काचेवर बसवा. वाळूवर बसवले तर मासा खालची वाळू उकरतो आणि रास कोसळते.

गुहा कुंभाराकडून करून घेता येते. भाजलेली, पण रंग किंवा चकाकी न दिलेली माती हवी. आतलं माप: लांबी १२ ते १४ सेंटिमीटर, रुंदी ४, उंची ३, मागचं टोक बंद. माती भाजताना आकसते, म्हणून ओल्या मापात दहा टक्के जास्त सांगा. तोंडाची आतली कड खरखरीत राहिली तर काचपेपरने घासून घ्या, नाहीतर आत-बाहेर करताना मादीच्या पोटाला ओरखडे पडतात. वापरण्याआधी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला.

पाण्याचे आकडे काय हवेत?

तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस. पीएच ६ ते ७.२. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १०० ते २०० पीपीएम. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली. यांतला एखादा आकडा थोडा मागेपुढे असला तरी चालतं, पण आज एक आणि उद्या दुसरा असं चालत नाही.

मुंबई-पुण्यात धरणाचं नळाचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. क्लोरिन काढून ते बहुतेक वेळा तसंच वापरता येतं. मराठवाड्यात, खानदेशात किंवा जिथे बोअरचंच पाणी आहे तिथे आरओचं पाणी मिसळावं लागेल. हिशेब सोपा आहे: बोअरचं पाणी ६०० टीडीएसचं आणि आरओचं ३० चं असेल, तर एक भाग बोअर आणि चार भाग आरओ मिळून साधारण १४५ येतं. चाळीस लिटर बदलायचं तर आठ लिटर बोअर, बत्तीस लिटर आरओ. नुसतं आरओ कधीच घालू नका. त्यात क्षार नसल्याने पीएच धरून ठेवायला काही उरत नाही, आणि तो एका रात्रीत साडेपाचाच्या खाली घसरतो. तेवढ्यावर गाळणीतले जिवाणू मंदावतात आणि विष्ठेतला अमोनिया साचू लागतो.

क्लोरिनसाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे, म्हणजे दुकानात मिळणारं अँटीक्लोरिन. शंभर लिटरला एक ग्रॅम, वेगळ्या बादलीत विरघळवून घालायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी गढूळ येतं आणि क्लोरिनची मात्रा वाढवली जाते. जून-जुलैत पाणी बदलताना दरवेळी क्लोरिनच्या पट्टीने तपासून घ्या.

दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला. नवं पाणी टाकीपेक्षा दोन अंशांहून जास्त थंड नसावं.

एवढ्या कोमट पाण्यात प्राणवायू पुरतो का?

मुख्य अडचण हीच आहे. २४ अंशांना पाणी लिटरमागे साधारण ८.४ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशांना साडेसातच. आणि ऊब वाढली की माशाची गरज मात्र वाढते. त्यामुळे पृष्ठभाग सतत ढवळलेला हवा. फिल्टरच्या परतीचं पाणी वरच्या थराला आडवं मारा, आणि शिवाय एक हवेचा दगड रात्रंदिवस चालू ठेवा. झेब्रा गुहा सोडून वरच्या काचेला, पाण्याच्या पातळीजवळ चिकटून बसला आणि कल्ले भराभर हलवत असेल, तर आधी हवा वाढवा, मग अमोनिया मोजा.

हीटर २०० वॅटचा एक घेण्याऐवजी शंभर वॅटचे दोन लावा. थर्मोस्टॅट ‘चालू’ अवस्थेत अडकला तर मोठा हीटर काही तासांत पाणी ३५ च्या वर नेतो. लहान एकट्याला ते जमत नाही. उन्हाळ्यात विदर्भात किंवा सोलापूरकडे खोलीचंच तापमान ४० च्या आसपास जातं. तिथे हीटर काढून टाकीवर छोटा पंखा लावा, पाणी दोन-तीन अंश उतरतं. उडालेलं पाणी आरओने भरून काढा, नाहीतर टीडीएस चढत राहील.

खायला काय, किती आणि कधी?

गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया आणि डॅफ्निया (बारीक जलजीव), बुडणाऱ्या प्रथिनयुक्त गोळ्या. भाजी चघळेल, पण त्यावर जगणार नाही. सहा मोठ्या माशांना गोठवलेल्या अन्नाची अर्धी वडी पुरते. आठवड्यातून पाच दिवस, दिवे मालवल्यावर. वडी चहाच्या गाळणीत वितळवा आणि निथळलेलं लालसर पाणी फेकून द्या. अन्न गुहांच्या तोंडाशी पिचकारीने सोडलं तर दबलेल्या माशालाही मिळतं. सकाळी उरलेलं दिसलं तर काढून टाका आणि पुढच्या वेळी हात आखडता घ्या.

गटाराकाठचे जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) देऊ नका. स्वस्त आहेत, मासे तुटून पडतात, आणि त्यांच्यासोबत जंत आणि जिवाणू घरात येतात.

सोबत कोणते मासे?

कुणी नसले तर उत्तम. ठेवायचेच तर उबेला टिकणारे, वरच्या-मधल्या थरातले लहान टेट्रा, जसे कार्डिनल किंवा रमीनोज, दहा-बारा. ब्रिसलनोज प्लेको नको, तो अन्न आणि गुहा दोन्ही बळकावतो. दुसरा कोणताही हिपॅनसिस्ट्रस नको, संकर होतो.

मासा दिसतच नाही. काही बिघडलंय का?

नाही. निशाचर आहे. पहिले दोन-तीन महिने तर फक्त शेपटी दिसेल. गुहेतून काढून पाहू नका. रात्री मंद लाल टॉर्चने पाहा.

नवा मासा आणल्यावर पहिला महिना काय करायचं?

चार आठवडे वेगळ्या टाकीत. चाळीस लिटरची टाकी, जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर, दोन गुहा, २९ अंश. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

घेताना डोळे आणि पोट पाहा. डोळे आत गेलेले असतील, पोट खपाटीला गेलेलं असेल, तर तो मासा बऱ्याच दिवसांचा उपाशी आहे आणि बहुतेक वेळा वाचत नाही, भाव कितीही उतरवून दिला तरी. खातोय पण पोट भरत नाही, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी, असं आठवडाभर दिसलं तर जंत असू शकतात. प्रॅझिक्वांटेल लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम फीतकृमींवर चालतं, गोलकृमींवर नाही. म्हणून मत्स्यवैद्याला विष्ठा दाखवता आली तर आधी ते करा.

पांढरे ठिपके आले तर तापमान ३० वर स्थिर ठेवा, हवा दुप्पट करा, आणि मॅलाकाइट ग्रीनचं औषध बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. तांब्याची औषधं या कुळातल्या माशांच्या जिवावर बेततात.

काळे पट्टे राखाडी झालेत. आजार आहे का?

बहुधा नाही. पांढऱ्या वाळूवर, झगझगीत दिव्याखाली किंवा नुकताच हलवलेला मासा फिका पडतो. तळ गडद केला आणि दिवा मंद केला की काही दिवसांत रंग परततो. फिकेपणासोबत श्वास जोरात चालत असेल तर पाणी तपासा.

नर-मादी कशी ओळखायची?

पाच सेंटिमीटरच्या आत ओळखायच्या भानगडीत पडू नका. त्यानंतर वरून पाहा. नराचं डोकं रुंद आणि चौकट, अंग खांद्यापासून शेपटीपर्यंत एकसारखं निमुळतं. मादीचं नाकाड टोकदार, आणि पोटाशी अंग फुगीर. नराच्या छातीच्या परांच्या पहिल्या काट्यावर आणि कल्ल्यांच्या झाकणावर बारीक काटेरी केस जास्त लांब आणि दाट असतात. ते दिसायला भिंग आणि बाजूचा प्रकाश लागतो.

पैदास कशी घडवायची?

दोन नर, तीन-चार माद्या, सगळे अडीच-तीन वर्षांचे, आणि सहा महिने चांगलं खाऊन स्थिरावलेले. शिंगूत कोरड्या ऋतूत पाणी उतरतं आणि तापतं, मग पावसाने एकदम थंड, मऊ पाणी येतं. टाकीत तेच करायचं. दोन आठवडे पाणी कमी बदला, आठवड्याला दहा टक्के. प्रवाह निम्मा करा, हवेचा दगड मात्र जोरात राहू द्या, आणि तापमान ३१ वर न्या. टीडीएस २५० पर्यंत चढला तरी चालेल. मग सलग तीन संध्याकाळी तीस टक्के पाणी बदला, त्यात आरओचा भाग मोठा, आणि तापमान हळूहळू २७ पर्यंत उतरवा. दोन अंशांचा नियम फक्त इथे मोडायचा. प्रवाह पूर्ण सोडा, अन्न दिवसातून दोनदा द्या. चौथ्या दिवसापासून तापमान परत २९ वर.

नर मादीला गुहेत घेतो आणि स्वतः तोंडाशी बसून तिला अडवून ठेवतो. हे एक ते चार-पाच दिवस चालतं. मादी अडकली म्हणून सोडवायला जाऊ नका. अंडी घातल्यावर मादी निघून जाते, नर आत राहून परांनी वारा घालतो. अंडी मोठी, तीन-चार मिलिमीटरची, पिवळसर. दहा ते पंधरा. २९-३० अंशांना सहा-सात दिवसांत फुटतात.

पहिल्या प्रयत्नात काही झालं नाही तर महिनाभर सोडून द्या. सतत पाण्याशी खेळत राहिल्याने माद्या अंडी पोटातच जिरवतात.

नर अंडी बाहेर फेकतो. का?

पहिलटकर नर असेल तर बहुतेक वेळा हेच होतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुधारतो. इतर कारणं: गुहा फार रुंद, म्हणजे दुसरा मासा आत घुसतो, रात्री कोणी टॉर्च मारत राहिलं, किंवा अंडी फळलीच नाहीत आणि बुरशी धरली. फेकलेली अंडी पिवळी आणि स्वच्छ असतील तर टाकीतच लटकणाऱ्या जाळीच्या डब्यात घ्या, खाली हवेचा दगड असा ठेवा की अंडी हलकेच हलत राहतील. पांढरी पडलेली अंडी रोज चिमट्याने काढा, एका अंड्याची बुरशी शेजारच्यांना धरते.

पिल्लं कशी वाढवायची?

पीतक (बलकाची) पिशवी संपेपर्यंत, म्हणजे फुटल्यापासून साधारण दहा-बारा दिवस, पिल्लं बापाजवळ गुहेतच राहू द्या. तोवर पट्टे उमटलेले असतात. ती गुहेच्या तोंडाशी डोकावू लागली की गुहा उचलून जाळीच्या डब्यात पालथी करा.

पहिलं अन्न नुकतीच फुटलेली आर्टेमिया, दिवसातून तीनदा, आणि बारीक कुटलेली बुडणारी गोळी. डब्यात पडून राहिलेलं अन्न हेच पिल्लांच्या मृत्यूचं मोठं कारण: पोट फुगतं, पिल्लू उलटं होतं, दुसऱ्या दिवशी मेलेलं असतं. दर खाण्यानंतर तासाभराने तळ बारीक नळीने ओढून घ्या. डब्यातून पाणी सतत वाहतं ठेवा. स्थिर पाण्यातली पिल्लं पहिल्या दीड महिन्यात हळूहळू संपतात. वाढ संथ असते. सहा महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटर झाली तर ती व्यवस्थित चाललेली आहेत.

प्रत्येक खेपेची वही ठेवा: नर कोणता, मादी कोणती, तारीख, किती जगली. पिल्लू दुसऱ्याला देताना ही नोंद सोबत द्या, म्हणजे पुढे भावंडांचीच जोडी लावली जात नाही.

वीज गेली तर किती वेळ टिकतील?

२९ अंशांना आणि गजबजलेल्या टाकीत दोन-तीन तासांत धोका सुरू होतो. हवेचा पंप चार-पाच वॅटचाच असतो, तो घरच्या इन्व्हर्टरवर लावून टाका. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा, वीज जाताच आपोआप सुरू होणारा पंप घ्या. कॅनिस्टर दोन तासांहून जास्त बंद राहिला तर सुरू करण्याआधी उघडा आणि आतलं पाणी फेका. आतले जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि ते सडकं पाणी थेट टाकीत आलं की मासे दगावतात.

डासांसाठी सोसायटीत धूर फवारायला आले तर पंप तेवढा वेळ बंद करा, टाकीवर ओलं फडकं टाका, खिडक्या लावा. पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

मासा पकडायचा आणि पाठवायचा कसा?

जाळी वापरू नका. कल्ल्यांजवळचे काटे जाळीत गुंततात, आणि सोडवताना ते तुटतात किंवा डोळ्याला इजा होते. गुहेच्या तोंडावर बोट ठेवून अख्खी गुहाच पाण्याखाली प्लास्टिकच्या डब्यात न्या, मग गुहा तिरकी करून वाट पाहा. स्वतःहून बाहेर येतो. ओढायचा नाही, तो पर फाकवून अडकून बसतो आणि मग परच फाटतात.

प्रवासाआधी दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे पिशवीत विष्ठा कमी होते. एका पिशवीत एकच मासा. पिशव्या दोन, एकात एक, मध्ये वर्तमानपत्राचा थर, कारण परांचे काटे साधी पिशवी टोचून फोडतात. एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू. थर्माकोलच्या खोक्यात, हिवाळ्यात सोबत कोमट पाण्याची घट्ट बंद बाटली कागदात गुंडाळून. चोवीस तासांच्या आत पोहोचेल अशीच व्यवस्था करा, आणि नोंदणीची प्रत खोक्यावर बाहेरून चिकटवा.